शेजारची गच्ची आणि आपले हिरवे कुंपण

घर जुने, बैठे. मागच्या बाजूला फरशी घातलेले अंगण, धुण्याचा दगड, तुळस आणि कोपऱ्यात नळ. सासूबाई सकाळी तिथेच ऊन खात बसायच्या, भाजी तिथेच निवडली जायची, उन्हाळ्यात पापड-कुरडया तिथेच वाळायच्या. शेजारचा भूखंड वीस वर्षे मोकळा होता. मग तिथे इमारत उभी राहिली. तीन मजले आणि प्रत्येक मजल्याला अंगणाकडे तोंड करून एकेक गॅलरी. तिथे राहायला आलेली माणसे वाईट मुळीच नव्हती. पण गॅलरीत उभे राहिले की समोर दिसायचे ते हेच अंगण. पहिल्या महिन्यातच सासूबाईंनी अंगणात बसणे सोडले. सुनेने तारेवर जुन्या साड्या बांधून पाहिल्या. वाऱ्याने त्या उडाल्या. मुलाने ताडपत्री आणली, तर अंगणात भट्टी पेटल्यासारखे उकडू लागले. शेवटी घरात एकच विषय झाला. काहीतरी भराभर वाढणारे, बारा महिने हिरवे राहणारे लावायचे.

गावोगावी आणि शहरांच्या नव्या वस्त्यांमध्ये ही अडचण आता घरटी ऐकू येते. पुणे-नाशिकच्या बंगल्यांत, नागपूरच्या जुन्या प्लॉटवर, इंदूर-बडोद्याच्या मराठी वस्त्यांत, अगदी दिल्लीच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्येही. भिंत हवी तेवढी उंच करावी म्हटले, तर नगरपालिकेच्या नियमांची मर्यादा असते आणि उंच भिंत वाराही अडवते. म्हणून गृहिणी रोपवाटिकेत जातात आणि पहिला प्रश्न विचारतात, ''लवकर वाढणारे काय आहे?'' प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकावर यायला हवा. पहिला प्रश्न उंचीचा.

आधी काठी, मग रोप

कुंपणाची उंची अंदाजाने ठरवू नये. एक सोपी रीत आहे. ज्या जागी बसून आपल्याला निवांतपणा हवा आहे, तिथे खुर्ची किंवा पाट मांडून बसावे. घरातल्या दुसऱ्या माणसाने कुंपणाच्या रेषेवर लांब काठी किंवा बांबू उभा धरावा आणि तो हळूहळू वर सरकवावा. समोरची खिडकी किंवा गॅलरी त्या टोकाआड गेली की तेवढी उंची मोजून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यातून बहुतेकांना धक्काच बसतो.

हिशेब असा. समजा, शेजारची इमारत आपल्या हद्दीपासून पंधरा फुटांवर आहे. पहिल्या मजल्यावर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पंधरा फुटांवर येतात, दुसऱ्या मजल्यावर पंचवीस. आपण बसलो की आपले डोके चार फुटांवर. आठ फूट उंचीचे दाट कुंपण लावले, तर पहिल्या मजल्यावरून ते आपल्याला झाकेल, पण आपण कुंपणापासून आठ-साडेआठ फुटांच्या आत बसलो तरच. दुसऱ्या मजल्यावरून झाकायचे, तर साडेतीन फुटांच्या आत बसावे लागेल. म्हणजे अंगणाच्या मध्यावर बसणाऱ्याला हद्दीवरची झुडपे तिसऱ्या मजल्यापासून वाचवू शकणारच नाहीत, मग ती कितीही वेगाने वाढोत. अशा वेळी हद्दीवर डोक्यापेक्षा थोडे उंच कुंपण आणि बसायच्या जागेवर एखादा छोटा मांडव, असा मेळ घालावा. मांडवावर जाई, मधुमालती, कृष्णकमळ यांपैकी काहीही चढवावे. त्या घरातही शेवटी नळाजवळ चार बांबूंचा मांडव आला, तो याच कारणाने.

वेगाची किंमत

लवकर वाढणाऱ्या झाडाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. ते सहा फुटांवर आल्यावर थांबत नाही. पहिल्या वर्षी कौतुक होते, दुसऱ्या वर्षी कात्री आणि तिसऱ्या वर्षी माळ्याची शोधाशोध. गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस या परदेशी झाडाचे असेच झाले. रोपवाटिकांनी ते हिरव्या भिंतीसाठी हातोहात विकले. वाढ भरपूर, पाने सदा हिरवी, छाटले की दाट. सोसायट्यांनी ते लावले, रस्त्यांच्या दुभाजकांवर ते लागले. पुढे मुळे जमिनीखालच्या वाहिन्यांत आणि केबलमध्ये शिरू लागली आणि हिवाळ्यात त्याच्या परागकणांनी सर्दी, खोकला, दम्याचा त्रास होतो अशा तक्रारी आल्या. गुजरात सरकारने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात, ते असे. आजही एखादा विक्रेता 'वर्षात भिंत' म्हणून ते पुढे करील. त्याला नम्रपणे नाही म्हणावे.

वेगाच्या मोहात त्या घरानेही चूक केली, पण निराळी. कोणीतरी सांगितले, बिट्टी लावा. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. पाणी कमी लागते, जनावर तोंड लावत नाही, पिवळी फुले देवाला होतात आणि दीड-दोन वर्षांत डोक्यावर जाते. सारे खरे होते. दोन वर्षांत अंगण झाकले गेले, सासूबाई पुन्हा बाहेर बसू लागल्या. मग सुट्टीत लेक माहेरी आली, तिचा अडीच वर्षांचा मुलगा अंगणात खेळत होता, आणि संध्याकाळी त्याच्या मुठीत बिट्टीचे फोडलेले फळ सापडले. तोंडात गेले होते की नाही, कोणालाच सांगता येईना. आजीच्या लहानपणी मुले बिट्ट्यांनी खेळतच असत, म्हणून ती म्हणाली, ''अगं, आम्ही काय मेलो का?'' पण सुनेने वेळ घालवला नाही. मुलाला आणि त्या फळाला घेऊन तिने थेट दवाखाना गाठला. रात्रभर त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवले गेले. सकाळी मूल हसत घरी आले. त्याच्या पोटात काही गेले नव्हते, असे डॉक्टरांचे मत पडले. त्या रात्री मात्र घरातले कोणी झोपले नाही, आणि आठवड्याच्या आत बिट्टीची ओळ मुळासकट निघाली.

सुनेने केले तेच योग्य. बिट्टीच्या बियांतले विष हृदयावर परिणाम करते. लाल-गुलाबी फुलांची कण्हेरही तितकीच विषारी, पान, फूल, खोड सारेच. तिची काटकी तोंडात धरू नये, पालापाचोळा जाळू नये, कारण धूरही घातक असतो. महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर शोभते, तिथे ती असू द्यावी. ड्युरांटाची जांभळी फुले आणि पिवळ्या मण्यांसारखी फळे मोठी देखणी असतात, पण ती फळेही मुलांच्या पोटात जाऊ नयेत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, म्हणून मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. शिवाय तो थंडीत पाने टाकतो, म्हणजे आडोसा म्हणून तसाही कुचकामाचा. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. घरात लहान मूल असेल किंवा सुट्टीत येणार असेल, तर ही नावे यादीतून आधीच खोडावीत. आणि मुलाने असे काही खाल्ल्याची शंका आली, तर मीठपाणी पाजून उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, त्या झाडाची फांदी किंवा फळ बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालयात जावे.

मग लावायचे काय?

बिट्टीच्या जागी त्या घराने जे लावले, ते कोणत्याही रोपवाटिकेच्या दर्शनी भागात नसते. अडुळसा. खोकल्याच्या काढ्याचा तोच अडुळसा. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, ही जुनी माहिती खेड्यातल्या प्रत्येकाला असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या वीतभर तोडून खोचल्या की लागतात. पाने मोठी आणि गडद, त्यामुळे थोड्या झाडांतही आडोसा दाट होतो. दुसऱ्या पावसाळ्यात ती माणसाच्या उंचीला येतात आणि छाटत राहिले तर सहा-आठ फुटांवर नांदतात. पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात. दोष एकच, भर उन्हाळ्यात पाणी चुकले की पाने लोंबकळतात आणि सारे कुंपण आजारी दिसते. पाणी दिले की पुन्हा उभे राहते. आपल्या आजोळच्या परसात जी झुडपे बिनखर्चाची वाढत होती, ती सोडून आपण दुकानातल्या गुळगुळीत कागदी चित्रांतली झाडे शोधतो, हे जरा गमतीचेच आहे.

फुलांची हौस असेल, तर जास्वंद. वाढ चांगली, पाने बाराही महिने आणि गणपतीच्या दिवसांत फुलांसाठी बाजारात जायला नको. पण जास्वंदीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे दिसू लागले, की तो भाग कापून नष्ट करावा आणि निंबोळी तेल पाण्यात थोड्या साबणाबरोबर घोटून फवारावे. शिवाय जास्वंदीला भिंतीसारखे चौकोनी छाटले, तर कळ्याच कापल्या जातात. फुले हवीत की सरळ रेषा हवी, हे आधी ठरवावे. हॅमेलिया हे दुसरे फुलांचे झुडूप. नारिंगी-लाल नळीसारखी फुले येतात आणि शिंजीर पक्षी दिवसभर त्यांच्यावर झुलतात. वाढीला ते जास्वंदीपेक्षाही चपळ. तगर जरा संथ, पण सावलीतही तग धरणारी.

कामिनी, म्हणजे कुंती, हिच्याइतके सुरेख कुंपण दुसरे नाही. बारीक चकचकीत पाने, पावसाच्या सरीनंतर सुगंधाचा घमघमाट. पण ती लवकर वाढणाऱ्यांत बसत नाही, सहा फुटांना तीन-चार वर्षे सहज लागतात. धीर असेल त्यांनी अवश्य लावावी. विदर्भातल्या वाचकांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही संत्र्या-मोसंबीच्याच कुळातली आहे आणि संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कामिनीवर आणि कढीपत्त्यावर आनंदाने वाढते. घराजवळ संत्र्याची बाग असेल, तर कामिनीचे कुंपण नकोच. घरामागच्या दहा झुडपांमुळे शेजाऱ्याची बाग धोक्यात आली, तर ते शेजारधर्माला धरून होणार नाही.

समुद्राकाठच्या घरांना वेगळाच प्रश्न पडतो. खाऱ्या वाऱ्याने पाने करपतात. रत्नागिरी, वेंगुर्ले, गोवा या पट्ट्यात कोयनेल बिनधास्त लावावी. हिलाच कुठे कडू मेंदी म्हणतात, कुठे वनजाई. ती मुळात खाडीकाठचीच असल्याने खारे वारे आणि खारट जमीन तिला बाधत नाही, आणि पाने कडू असल्याने गुरे लांब राहतात. नावांचा असा गोंधळ असल्यामुळे रोपवाटिकेत जाताना नुसते नाव न सांगता फांदी घेऊन जावे.

कमी पावसाच्या भागात डोडोनिया, म्हणजे बंदुरगी किंवा जखमी, चांगली. पाणी कमी चालते, पाणी साचलेले मात्र चालत नाही. काळ्या जमिनीत निचरा केल्याशिवाय ती लावू नये. खरी मेंदी तर सर्वांच्या परिचयाची. पण दिल्ली, ग्वाल्हेरकडच्या थंडीत मेंदी पाने गाळते, आणि नेमके हिवाळ्यातल्या उन्हात अंगणात बसायचे असते, तेव्हाच आडोसा विरळ होतो. त्या भागातल्यांनी कोयनेल किंवा कामिनी निवडावी.

करवंदीची आठवण इथे ठेवायला हवी. वाढ मंद, काटे भक्कम, फळे आंबटगोड. अंगणापेक्षा ती शेताच्या बांधाला शोभते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी देशाच्या मधोमध शेकडो मैलांचे जिवंत कुंपण वाढवले होते. त्यात बाभूळ, बोर, निवडुंगाबरोबर करवंदही होती. ते कुंपण वाढवण्यात पुढाकार घेणारा अधिकारी म्हणजे ए. ओ. ह्यूम, पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा वाटा होता तेच. 1879 मध्ये ते नाके बंद झाले आणि कुंपण इतके विस्मरणात गेले, की आज त्याची खूण शोधावी लागते.

बांबू आणि खोटा अशोक यांचा आग्रह बरेच जण धरतात. पिवळ्या खोडाचा बांबू झपाट्याने वाढतो, पण त्याचे बेट पसरते, तीस फूट वर जाते आणि पन्हळीत पाने साचतात. चार-पाच फूट रुंदीची पट्टी मोकळी असेल तरच त्याचा विचार करावा. खोटा अशोक म्हणजे झुडूप नव्हे, वृक्ष. वरच्या मजल्यांपासून आडोसा हवा असेल आणि जागा अरुंद असेल, तर त्याची लोंबत्या फांद्यांची सरळ जात उपयोगी पडते. फळांच्या दिवसांत रात्री वटवाघळे येतात आणि सकाळी फरशी धुवावी लागते, एवढी तयारी ठेवावी.

लागवड आणि कात्री

एकेक खड्डा खणण्यापेक्षा सलग चर खणावा, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल. त्यात माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीचा त्रास असलेल्या भागात थोडी निंबोळी पेंड मिसळून भरावी. भिंतीपासून चराचा मध्य किमान दोन फूट आत असावा. ही दोन फुटांची जागा वाया गेली असे वाटते, पण तेवढी नसेल तर मागची बाजू छाटायला दर वेळी शेजाऱ्याचे दार ठोठावावे लागते. रोपे एका सरळ रांगेत न लावता दोन ओळींत, एकाआड एक लावावीत. मेंदी फूटभर अंतरावर, अडुळसा आणि कामिनी दोन फुटांवर, जास्वंद तीन फुटांवर. घाई असलेले लोक रोपे खेटून लावतात. पहिले वर्ष छान दिसते, मग आतल्या फांद्या वाळतात आणि खालून सगळे उघडे पडते.

सर्वात अवघड काम पहिली छाटणी. रोप दीड फुटाचे झाले की ते निम्म्यावर कापायचे. जे वाढावे म्हणून जीव टांगणीला लावला, तेच कापायचे हे कोणाला पटत नाही. पण शेंडा कापल्याशिवाय बुंध्याजवळून फांद्या फुटत नाहीत आणि वर पिसारा, खाली काड्या असे कुंपण तयार होते. पुढेही दर वेळी वाढ थोडी थोडी कापत वर न्यावी. आणि कुंपण खाली रुंद, वर किंचित निमुळते ठेवावे, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. पावसाळ्यात महिन्याला एकदा कात्री फिरवावी, थंडीत हलक्या हाताने. मे महिन्याच्या उन्हात मोठी छाटणी करू नये.

पहिले दोन उन्हाळे पाण्याची आबाळ होऊ देऊ नये. ठिबकची नळी टाकली तर उत्तमच. बुंध्याशी पालापाचोळ्याचा चार बोटे थर द्यावा.

शेजार आणि कायदा

खिडक्यांचे भांडण आजचे नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या अठराव्या कलमात एक उदाहरणच दिले आहे. एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या खासगीपणावर मोठे आक्रमण होईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. 1888 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका खटल्यात घरातल्या स्त्रियांच्या आडोशाचा असा रूढीने मिळालेला हक्क मान्य केला होता. आज एखाद्या शहरात अशी रूढी सिद्ध करणे सोपे नाही, आणि मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेल्या गॅलरीवर आक्षेप घेऊन फारसे काही हाती लागत नाही. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. वीस वर्षे निर्वेध मिळत आलेल्या उजेड-वाऱ्यावर शेजाऱ्याचा हक्क तयार होऊ शकतो, म्हणून त्याची जुनी खिडकी अंधारेल असे काही लावू नये. आपल्या फांद्या त्याच्या हद्दीत गेल्या, तर त्या हद्दीपर्यंत त्याला छाटता येतात, त्यावरून रुसू नये. सोसायटीच्या सामाईक जागेत लावायचे असेल, तर समितीची लेखी परवानगी आधी.

त्या घरातल्या सुनेने बिट्टी काढल्यावर नवा चर खणण्यापूर्वी पहिल्या मजल्यावरच्या बाईंना चहाला बोलावले. ''वहिनी, तुम्हाला राग नाही ना येणार?'' असे विचारताच त्या हसून म्हणाल्या, ''उलट बरं होईल हो. गॅलरीत उभं राहायचं म्हणजे आम्हालाच चोरट्यासारखं वाटतं.'' त्यांनी एकच मागणे घातले. नळाच्या बाजूला कढीपत्त्याचे झाड होते, तिथून त्यांची मुलगी पाने न्यायला यायची. म्हणून अडुळशाच्या ओळीत तेवढी अडीच फुटांची जागा मोकळी सोडली. दुसऱ्या पावसाळ्यात कुंपण डोक्याच्या वर गेले. सासूबाई पाट घेऊन कुंपणाला पाठ लावून बसू लागल्या. फट मात्र त्यांनी भरू दिली नाही. कुंपण छाटायला माणूस आला की त्या आधी तिथे जाऊन उभ्या राहतात आणि बाजूच्या फांद्या स्वतः सांगून कापवून घेतात.